मधल्या थांब्यांचा सराव

टेबलावरच्या टायमरवर दोन तळवे टेकतात. आधी लाल दिवा लागतो, अर्ध्याएक सेकंदाने हिरवा. हात उचलताच आकडे पळायला लागतात आणि क्यूब बोटांत फिरू लागतो. मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी एखाद्या सभागृहात अशी स्पर्धा भरते, तेव्हा पहिल्यांदाच आलेल्या आईवडिलांची नजर मुलांच्या बोटांवर खिळून राहते. खिळणारच. डोळ्यांना टिपता येऊ नये इतक्या वेगाने ती बोटं चालत असतात. पण त्या गर्दीत थोडा वेळ डोळे मिटून बसलं, तर वेगळंच काही लक्षात येतं. प्लास्टिकचा आवाज सलग येत नाही. खटखटखट, मग जराशी शांतता. पुन्हा खटखटखटखट, पुन्हा शांतता. वीस सेकंद लावणाऱ्या मुलाच्या सॉल्व्हमध्ये अशा पाच-सहा शांतता सहज सापडतात. सात सेकंदांत सोडवणाऱ्याच्या सॉल्व्हमध्ये त्या जवळजवळ नसतातच. तिथे एकच लांब सर ऐकू येते आणि ती संपता संपता तळवे टायमरवर आपटतात.

ही मधली शांतता हाच वेगाने क्यूब सोडवण्याचा खरा विषय आहे. सराव करायचा तो तिचा.

हिशेब अगदी साधा आहे. आज बहुतेक मुलं ज्या पद्धतीने क्यूब सोडवतात, तिला एका सॉल्व्हसाठी पंचावन्न ते साठ मूव्ह लागतात. बरा सराव असलेला मुलगा ‘टी-पर्म’ नावाची चौदा मूव्हची ठरावीक मालिका दीड-दोन सेकंदांत करून दाखवतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ मूव्ह. त्याच गतीने साठ मूव्ह केल्या तर काम आठ सेकंदांत उरकायला हवं. तरीही त्याची वेळ वीस सेकंदांच्या आसपास घुटमळत असते. वरचे बारा सेकंद बोटांनी खाल्लेले नाहीत. पुढचा तुकडा कुठे आहे ते शोधण्यात ते गेले. उलट बाजूनेही मांडून पाहावं. सेकंदाला चारच मूव्ह, म्हणजे अगदी संथ म्हणावी अशी गती. पण कुठेही न थांबता ती टिकवली, तर साठ मूव्ह पंधरा सेकंदांत होतात. वीस सेकंदांवर अडलेल्या मुलाला बोटांचा वेग वाढवायची गरजच नसते. आहे तो वेग त्याला पुरून उरतो.

हे कागदावर पटतं, हाताला पटायला महिने लागतात. खुद्द क्यूब बनवणाऱ्यालाही वेळ लागलाच. अर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये बुडापेस्टमध्ये पहिला क्यूब बनवला. ते तेव्हा तिथल्या उपयोजित कला महाविद्यालयात शिकवत होते. स्वतःच बनवलेली वस्तू त्यांनी फिरवली, रंग विस्कटले, आणि ते पुन्हा जुळवायला त्यांना सुमारे महिना लागला. सोडवण्याची रीत सांगणारं जगात कुणीच नव्हतं. हे कोडं सुटू शकतं याची खात्रीही नव्हती. एका वस्तूपुढे महिनाभर बसून राहण्याची ती चिकाटी आजच्या आकड्यांच्या गर्दीत आठवली म्हणजे बरं वाटतं. या खेळाचा पहिला सॉल्व्ह फार संथ होता आणि तो अतिशय एकाग्रतेने केलेला होता.

मग १९८० च्या सुमारास क्यूब जगभर पोचला आणि घड्याळही त्याच्यामागून आलं. मार्च १९८१ मध्ये म्युनिकला स्पर्धा झाली. तिथे क्यूबना व्हॅसलीनसारखं वंगण लावून ते आधी फिरवून सैल करून दिले होते आणि जिंकणाऱ्याची वेळ होती ३८ सेकंद. पुढच्या वर्षी ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टला पहिली विश्वस्पर्धा झाली. एकोणीस देशांचे एकोणीस स्पर्धक होते. लॉस एंजलिसहून आलेला, मूळ व्हिएतनामचा विद्यार्थी मिन थाय २२.९५ सेकंदांत पहिला आला. आज शाळेतली कितीतरी मुलं त्या विश्वविजेत्याहून कमी वेळ लावतात. चुंबक बसवलेले, हलक्या बोटाने फिरणारे क्यूब हे त्याचं एक कारण आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. या मुलांना दुसऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षं खपून शोधलेली वाट आयती मिळालेली असते.

ती वाट ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जेसिका फ्रिडरिच तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या. १९८२ च्या त्या बुडापेस्टच्या स्पर्धेतही त्या होत्या. त्यांच्या पद्धतीत आधी तळाला एका रंगाचा क्रॉस करायचा. मग कोपरा आणि त्याच्या शेजारची कड अशा चार जोड्या एकेक करून खाली बसवायच्या. त्याबरोबर खालचे दोन थर पूर्ण होतात. उरलेल्या वरच्या थरात आधी सगळा रंग एकसारखा करायचा, त्यासाठी ५७ वेगवेगळ्या स्थिती आणि त्यांची ५७ उत्तरं. शेवटी तुकडे आपापल्या जागी न्यायचे, त्यासाठी आणखी २१. यातली प्रत्येक कल्पना त्यांची एकटीची नव्हती, जोड्या बसवण्याची युक्ती त्याच काळात इतरांनाही सुचली होती. पण सगळं एकत्र बांधून, तपासून त्यांनी ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं केलं आणि जगभरची मुलं त्यावर शिकली. स्वतः फ्रिडरिच पुढे अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. एकवीस वर्षांच्या खंडानंतर २००३ मध्ये टोरांटोला दुसरी विश्वस्पर्धा झाली तेव्हा त्या तिथे उतरल्या आणि डॅन नाइट्सच्या मागोमाग दुसऱ्या आल्या.

विद्यापीठात त्यांनी केलेलं संशोधन डिजिटल छायाचित्रांवरचं आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्या फोटोंवर एक अत्यंत पुसट, डोळ्याला न दिसणारी खूण सोडतो. त्या खुणेवरून हा फोटो नेमका कुठल्या कॅमेऱ्याने काढला ते सांगता येतं. फ्रिडरिच यांचं नाव या विषयात मोठं आहे. क्यूबचा आणि याचा थेट संबंध जोडणं कदाचित ओढून ताणून होईल. तरी गोंधळातून आकृती निवडून काढण्यात एका माणसाने सगळं आयुष्य घालवावं, एकदा रंगीत चौकोनांत आणि एकदा फोटोच्या कणांत, हे फार सुंदर आहे. क्यूबवाल्या मुलांना फ्रिडरिच हे नाव पाठ असतं. त्यांच्या या दुसऱ्या कामाबद्दलही मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आता सरावाकडे वळू. नवशिक्याचा सराव म्हणजे टायमर सुरू करायचा, सोडवायचा, आकडा बघायचा, पुन्हा विस्कटायचा. दिवसाला पन्नास वेळा, शंभर वेळा. सुरुवातीचे काही महिने याने भराभर फरक पडतो. दोन मिनिटांची वेळ एका मिनिटावर येते, मग चाळीस सेकंदांवर, तीसवर. मग एके दिवशी आकडा थांबतो. त्याच वीस-बावीसच्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे जातात. मुलगा जास्त जोर लावतो, क्यूब अडकतो, एखादा तुकडाच निखळून उडतो, चिडचिड होते. घड्याळ चालू असताना माणूस जे येतं तेच करतो. येत नाही ते करून बघायला त्याला फुरसत नसते. म्हणून शहाणी मुलं सरावाचे तुकडे पाडतात आणि त्यातल्या मोठ्या भागात टायमर बंद ठेवतात.

पहिला तुकडा क्रॉसचा. स्पर्धेत क्यूब हातात आल्यावर निरीक्षणासाठी पंधरा सेकंद मिळतात. आठ सेकंद झाले की परीक्षक सांगतो, बारा झाले की पुन्हा सांगतो. पंधरा उलटून सुरुवात केली तर दोन सेकंदांचा दंड, सतरा उलटले तर तो सॉल्व्ह बाद. या पंधरा सेकंदांत अख्खा क्रॉस मनात बसवायचा असतो. गणिताने सिद्ध आहे की ठरलेल्या रंगाचा कोणताही क्रॉस जास्तीत जास्त आठ मूव्हमध्ये होतो आणि बहुतेकदा सहाच्या आसपास. सराव असा करतात की क्यूब विस्कटायचा, हवा तेवढा वेळ बघत बसायचं, मग डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांनी क्रॉस करायचा. डोळे उघडल्यावर तो जुळलेला असला पाहिजे. सुरुवातीला दोन-दोन मिनिटं बघूनही चुकतो. मग एक मिनिट पुरतं, मग अर्धं. पंधरा सेकंदांत जमायला लागला की त्याच निरीक्षणात पहिली जोडी कुठे जाऊन पडेल तेही पाहायला शिकायचं. डोळे मिटून बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर तेव्हा जी बारीक आठी दिसते, तिच्यापुढे स्पर्धेतला कुठलाही विक्रम फिका वाटतो.

दुसरा तुकडा जोड्यांचा, आणि इथेच बहुतेक सगळ्या शांतता दडलेल्या असतात. मेट्रोनोम लावायचा, ठोक्याला एक मूव्ह, मिनिटाला साठ ठोके. नियम एकच, हात कधीही थांबता कामा नये. पहिली जोडी खाली बसत असताना डोळ्यांनी तिला सोडून द्यायचं. ती कुठे चालली आहे ते हाताला ठाऊक आहे. डोळ्यांनी तेवढ्या वेळात पुढच्या जोडीचा कोपरा आणि कड हुडकायची. याला क्यूबवाले ‘लुक-अहेड’ म्हणतात. ऐकायला सोपं, करायला विलक्षण अवघड. आपला हात काय करतो आहे ते बघण्याची ओढ माणसाला फार जबर असते.

ज्यांनी महाराष्ट्रातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तीस शब्दांची आणि चाळीस शब्दांची परीक्षा दिली आहे, त्यांना ही ओढ चांगलीच माहीत असेल. बोटांकडे बघायचं नाही, बाजूच्या कागदाकडे बघायचं, आणि कागदावरही जो शब्द टंकतो आहोत त्याच्या पुढच्या शब्दावर डोळा ठेवायचा, हे तिथे पहिल्या महिन्यापासून बजावलं जाई. त्या खोलीत दहा-वीस यंत्रं एकदम वाजत असत, आणि चांगल्या हाताचं यंत्र लगेच ओळखू यायचं. ते सर्वांत जोरात किंवा सर्वांत जलद वाजत नसे, एकसारखं वाजत असे. चाळीसची परीक्षा पास होणारी मुलगी तीसच्या परीक्षेतल्या मुलाइतक्याच शांतपणे बसलेली असायची, फक्त तिच्या यंत्रात खंड नसायचा. क्यूबच्या मेट्रोनोमचा अभ्यास अगदी याच जातीचा आहे. साठ ठोक्यांना जमला की सत्तर, मग ऐंशी. हात थांबला की पुन्हा मागे यायचं.

तिसरा तुकडा पाठांतराचा. सत्तावन्न अधिक एकवीस, एकूण अठ्ठ्याहत्तर मालिका. मुलांना हा भाग सर्वांत जास्त आवडतो, कारण प्रगती मोजता येते. आज तीन झाल्या, उद्या आणखी दोन. पाठांतराची पहिली पायरी म्हणजे चार मूव्हची एक छोटी मालिका: आर, यू, आर प्राइम, यू प्राइम. उजवी बाजू वर, वरचा थर फिरवा, उजवी बाजू खाली, वरचा थर परत. ही लागोपाठ सहा वेळा केली की क्यूब होता तसा होतो. त्यामुळे क्यूब न बिघडवता ती कितीही वेळ घोकता येते. बसमध्ये, टीव्हीसमोर, जेवणाची वाट बघताना. घराघरांतून ऐकू येणारी ती अखंड कटकट बहुधा हीच. पाच-सात दिवसांत ती मनातून निघून बोटांत उतरते, आणि मग मुलाला ती तोंडाने सांगता येत नाही. सांगायची तर हातात क्यूब घेऊन करून बघावी लागते.

अठ्ठ्याहत्तर मालिका येईपर्यंत वेग येणारच नाही असं मात्र नाही. वरचा थर दोनऐवजी चार पायऱ्यांत सोडवायचा म्हटलं तर सोळा मालिकांत भागतं, आणि तेवढ्यावर वीस सेकंदांच्या आत आलेली मुलं पुष्कळ आहेत. इथे एक मत स्पष्ट मांडायला हवं. घाईने पाठ केलेल्या साठ मालिकांपेक्षा पक्क्या सोळा बऱ्या, कारण अर्धवट पाठ असलेली मालिका आठवायला मन आत वळतं, आणि ते आत वळलं की बाहेर शांतता पसरते. तीच जुनी शांतता, नव्या ठिकाणी.

आणि चौथा तुकडा टायमरचा. तो हवाच. फक्त तो शेवटी यावा आणि एकेका आकड्यासाठी नसावा. जागतिक संघटनेच्या स्पर्धेत पाच सॉल्व्ह करतात, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वगळतात आणि मधल्या तिघांची सरासरी काढतात. मार्च २०२३ मध्ये क्वालालंपूरला यिहेंग वांग या नऊ वर्षांच्या चिनी मुलाच्या पाच वेळा अशा आल्या: ४.३५, ३.९०, ४.४१, ५.३१ आणि ६.१६. त्यातले ३.९० आणि ६.१६ गळाले, उरलेल्यांची सरासरी ४.६९ भरली आणि तो विश्वविक्रम ठरला. २०२५ मध्ये सिएटलला तो विश्वविजेताही झाला. या नियमात मोठं शहाणपण आहे. क्यूबमध्ये नशिबाचा वाटा असतो. बहात्तर वेळांतून सरासरी एकदा शेवटची पायरी आपोआप जुळून येते आणि दोन सेकंद वाचतात. असा चुकून आलेला आकडा मुलं वर्षभर मिरवतात. खरं सांगणारा आकडा शंभर सॉल्व्हच्या सरासरीचा. तो हलतो तेव्हा काहीतरी बदललेलं असतं.

वेगाच्या या जगातली सर्वांत हृद्य गोष्ट मात्र एका अशा मुलाची आहे, ज्याच्या हातात क्यूब वेगासाठी दिलेलाच नव्हता. कॅलिफोर्नियाचा मॅक्स पार्क २००१ मध्ये जन्मला. लहानपणीच स्वमग्नतेचं निदान झालं. बोटांची बारीक हालचाल त्याला कठीण जात होती. बोटांना व्यायाम व्हावा म्हणून आईवडिलांनी इतर गोष्टींबरोबर क्यूबही दिला, आणि त्याचं मन त्यात रमलं. मग ते त्याला स्पर्धांना नेऊ लागले. रांगेत थांबणं, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणं, शेजारच्याशी दोन शब्द बोलणं, हे तिथे शिकता येईल म्हणून. त्याचा आदर्श होता मेलबर्नचा फेलिक्स झेमडेग्स. २०१३ आणि २०१५ असा दोनदा विश्वविजेता, कितीतरी विक्रमांचा धनी. मॅक्सने त्याचे विक्रम एकेक करून मोडले आणि २०१७ मध्ये पॅरिसला विश्वविजेतेपद पटकावलं. फेलिक्सने आपला विक्रम मोडणाऱ्या या मुलाशी मैत्री केली, ती जपली. ‘द स्पीड क्यूबर्स’ या २०२० च्या माहितीपटात ही मैत्री दिसते. २०१९ ची मेलबर्नची विश्वस्पर्धाही त्यात आहे. तिथे विजेतेपद दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. जून २०२३ मध्ये लाँग बीचला मॅक्सने ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला आणि साडेचार वर्षं टिकलेला ३.४७ चा विक्रम मागे टाकला. पुढे तोही मोडला गेला.

ज्या मुलाला बाटलीचं झाकण उघडायलाही त्रास व्हायचा, त्याच्या बोटांत हे कुठून आलं? सरावातून, हे खरंच. पण त्याच्या आईवडिलांनी सराव कशासाठी लावला होता तेही खरं. त्यांच्या यादीत सेकंद नव्हते. रांग होती, नजरेला नजर देणं होतं. माहितीपट पाहताना हे फार जाणवतं की त्या घरात प्रत्येक छोटी पायरी स्वतंत्रपणे पाहिली गेली, तिचा आनंद केला गेला. सरावाचे तुकडे पाडणं याहून चांगलं क्वचितच कुणाला जमलं असेल.

क्यूबच्या सगळ्या स्थिती मोजल्या तर ४३ वर अठरा आकडे लागतात. २०१० मध्ये टॉमस रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज यांनी गूगलने दिलेल्या संगणकांच्या मदतीने सिद्ध केलं की यातली कोणतीही स्थिती वीस किंवा त्याहून कमी मूव्हमध्ये सुटते. माणूस साठ घेतो. तो वीसवाला रस्ता पंधरा सेकंदांत कुणालाही दिसत नाही, विश्वविजेत्यालाही नाही. म्हणून माणसाने लांबचा रस्ता निवडला आहे. ओळखीचा, टप्प्याटप्प्याचा, पुढचं वळण आधी दिसेल असा. मुलं तो रोज चालतात आणि चालता चालता पुढे बघायला शिकतात.

घरात क्यूब घेऊन बसलेलं मूल असेल, तर आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसावं आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच बाजूला ठेवून त्याला एक सॉल्व्ह अगदी सावकाश करायला सांगावं, हात न थांबवता. ते काय बघत होतं ते विचारावं, आणि सांगायला लागलं की पुरतं ऐकून घ्यावं.